गोल तोंडाची वायर

अक्काच्या डोळ्याचा पडदा सरकला आणि त्याचा सर्वांत जास्त त्रास भाऊसाहेबांच्या बायकोला झाला. हे वाक्य तिचं स्वतःचं आहे आणि ती ते आल्यागेल्याला ऐकवत असते. त्यात तथ्य आहे, हे भाऊसाहेबसुद्धा खाजगीत मान्य करतात.

झालं होतं असं. अक्का म्हणजे भाऊसाहेबांची थोरली बहीण. राहायला दुसऱ्या गावी, लेकीजवळ. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ऑपरेशन करावं लागेल, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडावा लागेल आणि तो पडद्याला नीट टेकून राहावा म्हणून नंतर बरेच दिवस पालथं पडून राहावं लागेल. मान वर करायची नाही, वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. हातात पुस्तक असल्याशिवाय जिने कधी चहाचा कप तोंडाला लावला नाही, तिला उशीत तोंड खुपसून पडायची शिक्षा झाली होती.

तिने भावाला फोन केला. "छोट्या, ऑपरेशनची भीती नाही रे मला. त्या रिकाम्या दिवसांची वाटते. पडल्या पडल्या वेड लागेल मला."

या छोट्याचं वय आता पासष्टीला आलं होतं. ते एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते आणि तिथे त्यांच्या नुसत्या खाकरण्याने माणसं कपाटांमागून बाहेर येत. पण अक्काने छोट्या म्हटलं की ते अजूनही फोनपाशी उठून उभे राहतात. अक्काचं म्हणणं असं की भाचीने तिला मोबाइलवर पुस्तकं वाचणारी बाई लावून दिली आहे, पण ती बाई नायक बुडत असला तरी दवाखान्यात पुढचा नंबर पुकारावा तशा आवाजात वाचते. तिला भावाचा आवाज हवा होता. पुस्तकही हवं होतं ते दोघांच्या लहानपणीचं, समुद्रात भरकटलेल्या जहाजाचं, चांगलं जाडजूड. लहानपणी अक्का ते त्याला वाचून दाखवायची आणि नेमकं वादळ आलं की पुस्तक मिटून स्वयंपाकघरात निघून जायची. पुढे काय झालं ते कळावं म्हणूनच तो वाचायला शिकला. ऑपरेशनच्या आधी सगळं पुस्तक तुझ्या उशाशी असेल, असं भाऊसाहेबांनी वचन देऊन टाकलं. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं.

बायको म्हणाली, मोबाइलमध्ये रेकॉर्डर आहे, बटण दाबा आणि वाचा. खरं म्हणजे ही गोष्ट इथेच संपायला हवी होती. भाऊसाहेबांनी बटण दाबलंही, पहिलं पान वाचलंही. पण ते ऐकायला म्हणून लावलं आणि नेमके समोरच्या दारातले बँकवाले साखर परत करायला आले.

बँकवाले म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले शेजारी. कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे बघायची नजर त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलेली नाही. साखरेची वाटी हातात धरून त्यांनी डोळे मिटून पान ऐकलं, मग डोळे उघडले आणि विचारलं, "हे आजारी माणसाला ऐकवणार आहात?" आवाज पिंपातून आल्यासारखा आहे, पंखा तुमच्यापेक्षा स्पष्ट वाचतोय, आणि पालथ्या पडलेल्या माणसाच्या कानाला असा आवाज फार त्रास देतो, असा त्यांनी निर्णय दिला. पालथ्या पडलेल्या माणसाचे कान आणि उताण्या पडलेल्या माणसाचे कान यांत काय फरक असतो, हे भाऊसाहेबांनी विचारलं नाही. आपला आवाज पिंपातला, हे त्यांना फार लागलं होतं. कचेरीच्या निरोपसमारंभात साहेबांनी त्यांच्या आवाजाचा खास उल्लेख केला होता.

दुसऱ्या दिवशी ते माइक आणायला बाजारात गेले. दुकानदाराने विचारलं, कंडेन्सर हवा की डायनॅमिक, आणि यूएसबी हवा की एक्सएलआर? भाऊसाहेब म्हणाले, चांगला हवा. अशा उत्तराने कोणत्याही दुकानदाराच्या चेहऱ्यावर जो प्रेमळपणा येतो तो त्याच्याही आला. यूएसबीचा माइक सरळ कॉम्प्युटरला लागतो, नवीन माणसाला बरा, एवढं तो प्रामाणिकपणे म्हणाला होता. पण बँकवाले सोबत होते. त्यांनी भाऊसाहेबांच्या कानात सांगितलं की यूएसबी म्हणजे पोरखेळ, व्यावसायिक लोक एक्सएलआरच वापरतात. त्यात 'नवीन माणूस' हा शब्द भाऊसाहेबांना आधीच टोचला होता. ते एक्सएलआरचा कंडेन्सर माइक आणि त्याची जाडजूड काळी वायर घेऊन घरी आले.

वायरीला दोन्ही टोकांना गोल तोंड होतं. एका तोंडात तीन पिना, दुसऱ्यात तीन भोकं. भोकांचं तोंड माइकला मुकाट्याने लागलं. पिनांचं तोंड हातात धरून भाऊसाहेब लॅपटॉपभोवती फिरू लागले. लॅपटॉप लेकीचा, लग्नानंतर जुना म्हणून इथेच राहिलेला. त्याला इतकी भोकं आहेत हे या घरात कुणाला माहीत नव्हतं. एक चपटं, एक त्याहून रुंद चपटं, एक हेडफोनचं चित्र असलेलं बारीक गोल, एक चार्जरचं. कोपऱ्यातल्या एका अगदी वेगळ्या भोकावर भाऊसाहेबांनी बरीच आशा ठेवली होती. ते लॅपटॉप चोरीला जाऊ नये म्हणून कुलूप अडकवायचं भोक निघालं. इथे थोडं थांबून सांगायला हवं की जगात वस्तू बनवणारे लोक दोन जातींचे असतात. एक भोकं बनवतात, दुसरे पिना बनवतात, आणि या दोघांची आपसात बोलाचाल नसते. रेकॉर्ड विभागात असला कारभार भाऊसाहेबांनी एक दिवस चालू दिला नसता.

जावयाला फोन करावा, असं बायकोने सुचवलं. जावई कॉम्प्युटरमधले, हुशार आणि शांत. अडचण एवढीच होती की जावयापुढे आपल्याला काही येत नाही हे कबूल करायचं म्हणजे भाऊसाहेबांना सदरा काढून रस्त्यावर उभं राहण्यासारखं वाटतं. त्यामुळे त्यांनी आधी आपल्या मनाने दुसरी वायर आणली. तिच्या एका टोकाला तीन भोकांचं गोल तोंड आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी बारीक पिन होती. पिन आत गेली. टक असा समाधानकारक आवाजही झाला. लॅपटॉपने काय जोडलंत म्हणून विचारलं, भाऊसाहेबांनी माइक असं अभिमानाने दाबलं आणि बोलायला सुरुवात केली. पडद्यावरची रेघ सरळच्या सरळ राहिली. ते ओरडले. बायकोने स्वयंपाकघरातून ओ दिली. रेघ तशीच.

मग मात्र जावयाला फोन झाला. जावयांनी विचारलं, "बाबा, पिनेवर काळ्या रिंगा किती आहेत? दोन की तीन?" भाऊसाहेबांनी भिंग आणून त्या मोजल्या. दोन निघाल्या. पण तीन असत्या तरी उपयोग नव्हता, कारण कंडेन्सर माइकला वेगळी वीज लागते, तिला फँटम पॉवर म्हणतात आणि ती द्यायला ऑडिओ इंटरफेस नावाचा डबा मध्ये जोडावा लागतो, असं जावयांनी समजावलं. सगळा वेळ ते "बरोबर आहे तुमचं बाबा, पण" असं म्हणत होते. जावई जितके नम्र होत गेले तितके भाऊसाहेबांचे कान लाल होत गेले. सरळ मूर्ख म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं.

वीज माइकमध्ये जाणार म्हटल्यावर बायकोचा थरकाप उडाला. माइक तोंडाजवळ धरायचा आणि त्यात वीज, हे तिला पटेना. बँकवाल्यांनी तिला धीर दिला की ती वीज फक्त नावाला असते, म्हणूनच तिला फँटम, म्हणजे भुताचं नाव आहे. त्यावर तिची भीती आणखी वाढली.

इकडे अक्काचा रोज फोन येई. पहिलं प्रकरण झालं का? भाऊसाहेब तिला झालेलं सगळं सांगत. दुकानदार, पिना, रिंगा. अक्का ऐकून घेई आणि शेवटी हळूच म्हणे, "होईल ना रे सोमवारपर्यंत?" त्या प्रश्नाने भाऊसाहेबांना जेवण गोड लागेनासं झालं. एका संध्याकाळी तिने विचारलंही नाही, नुसतं बरं म्हणून फोन ठेवला. तिने आशा सोडली की काय, या विचाराने ते खुर्चीतच बसून राहिले आणि बायकोने दिवा लावला तेव्हा भानावर आले.

डबा आला. त्याला पुढे तीन भोकांचं गोल तोंड होतं, आणि माइकची पहिली वायर तिथे इतकी छान बसली की भाऊसाहेबांनी ती उगाचच दोनदा काढून घातली. डब्याच्या पाठीमागे मात्र चौकोनी भोक होतं, वरचे दोन कोपरे तासलेलं. त्यासाठी डब्यासोबत आलेल्या वायरीचं एक तोंड तसंच चौकोनी आणि दुसरं टाइप-सी, म्हणजे बारीक लांबट. लॅपटॉपला बारीक लांबट भोक नव्हतं. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि वायर बदलून आणायला दुकानात गेले.

दुकानात वस्तू विकायचा माणूस वेगळा आणि परत घेण्याची खिडकी वेगळी. खिडकीतल्या बाईंनी परत करण्याचं कारण विचारलं. भाऊसाहेबांनी सविस्तर सांगितलं. बाई म्हणाल्या, असं कारण सिस्टिममध्ये नाही. सिस्टिममध्ये तीनच कारणं होती. वस्तू तुटलेली आहे, वस्तू चालू होत नाही, किंवा रंग आवडला नाही. भाऊसाहेबांनी विचारलं, वस्तू उत्तम आहे पण माझ्या भोकात जात नाही, हे कुठे बसतं? मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. बाईंनी सहानुभूतीने सुचवलं की रंग आवडला नाही असं लिहा, सगळे तेच लिहितात. ज्या माणसाने उभ्या नोकरीत एका खोट्या शेऱ्यावर सही केली नाही, त्याला एका काळ्या वायरीचा रंग आवडला नाही म्हणून सही करावी लागली. बाईंनी बदल्यात दुसरी काळी वायर दिली.

ती लागली. डब्यावर हिरवा दिवा लागला. तो हिरवा दिवा बघून भाऊसाहेबांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. त्यांनी रेकॉर्डचं बटण दाबलं, चाचणी, चाचणी असं म्हटलं आणि पडद्यावरची रेघ नाचू लागली. त्या आनंदात रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं. ते त्यांच्या लक्षातच आलं नाही.

पुढे दुपारभर जो गोंधळ झाला तो थोडक्यात असा. बँकवाले आले आणि खोली घुमते म्हणाले. आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात तोंड घालून वाचावं, असा त्यांचा सल्ला. भाऊसाहेब कपाट रिकामं करू लागले. बायकोने विचारलं, कपडे कुठे ठेवू, तुमच्या डोक्यावर? बँकवाले म्हणाले, वहिनी, डोक्यावर गोधडी घेतली तरी चालतं. त्यांना ती उपाययोजना वाटत होती, बायकोला तो अपमान वाटला. ती म्हणाली की नणंदेसाठी मी कपाटच काय, घर रिकामं करीन, पण ज्यांच्या घरी साखर नसते त्यांनी माझ्या कपाटाबद्दल बोलू नये. बँकवाले निघून गेले. मग जावयांचा फोन आला. आवाज कमी-जास्त करायची कळ फिरवून बघा म्हणाले. भाऊसाहेबांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, तरी पडद्यावरच्या रेघेला काही फरक पडेना. ते फोनवर अत्यंत मऊ आवाजात हो, हो, किती छान समजावता म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर जावयाबद्दल जे बोलले ते इथे देता येत नाही. बायकोने, माझ्या जावयाला काही बोलायचं नाही, म्हणून हातातलं फडकं टेबलावर आपटलं. माइकची वायर डब्यातून सुटून खाली पडली.

आणि रेघ नाचतच राहिली.

भाऊसाहेब बोलता बोलता थांबले. रेघही थांबली. त्यांनी खाली पडलेलं गोल तोंड उचललं आणि म्हणाले, "अगं, ही तर बाहेर आहे." रेघ नाचली. बायकोने वाकून पाहिलं आणि ती जी हसत सुटली ती भिंतीला टेकून खाली बसली. लॅपटॉपच्या पोटात त्याचा स्वतःचा एक माइक होता आणि सगळा वेळ तोच ऐकत होता. नव्या माइकला कुणी विचारलंच नव्हतं. भाऊसाहेबांनी एक बटण दाबून ते सगळं बंद केलं आणि लाजेने पुन्हा जावयांना फोन लावला. सेटिंगमध्ये कुठला माइक वापरायचा ते निवडावं लागतं, हे तेव्हा कळलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी बायको देवळात गेली. भाऊसाहेब बैठकीला बसले आणि जेवायच्या वेळेपर्यंत वाचत राहिले. सगळं पुस्तक होणं शक्यच नव्हतं. पण वादळापर्यंत तरी पोचायचं, असं त्यांनी ठरवलं होतं आणि ते पोचले. फार सुंदर वाचलं. स्वतःचा आवाज ऐकून त्यांना कचेरीतला निरोपसमारंभ आठवला.

आता पाठवायचं राहिलं. रेकॉर्डिंगची यादी उघडली. कॉम्प्युटरने आपल्या मनाने आकड्यांची नावं देऊन ठेवलेली. पण भाऊसाहेबांना त्याची चिंता नव्हती. रेकॉर्ड विभागाचा एक नियम त्यांच्या रक्तात होता, तो असा की फायलीत सर्वांत नवा कागद सर्वांत वर. हा नियम मोडणाऱ्या कारकुनांची त्यांनी गय केली नव्हती. त्यांनी यादीतलं सर्वांत वरचं रेकॉर्डिंग उचललं. सर्वांत लांबही तेच होतं, म्हणजे शंकेला जागा नव्हती. ते भाचीला पाठवून दिलं. रवाना झालेला कागद पुन्हा उघडून बघायचा नाही, हा दुसरा नियम. तोही त्यांनी पाळला.

ऑपरेशन नीट झालं, असा भाचीचा निरोप आला. मग दोन-तीन दिवस काहीच नाही. भाऊसाहेबांचा जीव टांगणीला लागला. आवडलं नसेल का? वाचताना वादळात आवाज फार चढवला का? शेवटी त्यांनीच फोन केला. भाची फोनवर हसत होती. म्हणाली, "मामा, आई काही ऐकत नाही. एवढी हसते की उशी हलते. डॉक्टर म्हणाले, हसा, पण मान वर न करता हसा."

भाऊसाहेबांना कळेना. वादळात जहाजावरचे निम्मे खलाशी मरतात. त्यात हसण्यासारखं काय होतं?

"तीन वेळा ऐकलं तिने," भाची म्हणाली. "ते कपाटाचं तर नर्सबाईंनाही ऐकवलं. काळजी करू नका, जावयांना नाही ऐकवणार."

भाऊसाहेब खुर्चीत बसले. लॅपटॉप उघडला. यादीत सर्वांत वर जुनं, सर्वांत खाली नवं. कॉम्प्युटर बनवणाऱ्या जगातल्या एकाही माणसाने कधी रेकॉर्ड विभागात नोकरी केली नव्हती, हे स्पष्ट झालं. त्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्या नव्या माइकचा काडीचाही वाटा नव्हता, हे त्यांना सगळ्यांत जास्त लागलं. खरं रेकॉर्डिंग आत्ता पाठवतो, तेवढं ते पुसून टाक, असं ते भाचीला अजिजीने म्हणाले. तिने फोन अक्काच्या कानाला लावला.

उशीतून आवाज आला, दबलेला पण ठणठणीत. "छोट्या, ते पुसायचं नाही. जहाजाचं पाठव, सावकाश ऐकीन. त्यात पुढे काय होतं ते मला पाठ आहे." मग म्हणाली, "अरे, इथे डोळ्यांपुढे नुसता अंधार असतो. परवा ते लावलं आणि मी तुझ्या घरात येऊन बसले. तुझी बायको चिडली की कपाळावर आठी पडते ना, ती दिसली मला. किती दिवसांत तुमच्याकडे येणं झालं नव्हतं." भाऊसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "आणखी पाठव," अक्का म्हणाली. "अजून बरेच दिवस पडायचंय मला."

त्या दुपारी भाऊसाहेबांनी माइक टेबलाच्या मधोमध ठेवला, सेटिंग तपासलं, हिरवा दिवा तपासला, एका बाजूला बायकोला बसवलं आणि दुसऱ्या बाजूला स्वतः बसले. बटण दाबलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच भांडायला विषय सापडेना. बायकोने पदर सारखा केला आणि परक्या पाहुण्यांसमोर बोलावं तशा आवाजात, आज हवा बरी आहे, असं म्हटलं. भाऊसाहेबांनी, हो, बरी आहे, असं म्हटलं. रेघ मरगळून पडली होती. दारातून बँकवाल्यांनी हळूच डोकावून बघितलं, पण या खेपेला त्यांनाही काही सुचलं नाही.

"तू माइकपासून लांब बसली आहेस," भाऊसाहेब म्हणाले. "थोडी पुढे ये."

"मी बरोबर बसले आहे. माइकच तुम्ही स्वतःकडे ओढून ठेवलाय."

"मी मधोमध ठेवलाय. मोजून."

"तुमचं मधोमध मला माहीत आहे. पलंगावर कधी दिसलं नाही ते."

बँकवाले चपला काढून आत आले आणि म्हणाले, वहिनी, माझ्या मते टेबलच तिरपं आहे.